अभिवृत्ती, मतपरिवर्तन आणि वर्तन : गाडगेबाबांच्या कीर्तनपद्धतीची सामाजिक मानसशास्त्रीय समीक्षा
(संदर्भ : अंबरनाथ पूर्व येथील वालधुनीकाठ)

सारांश

माणसाचे मत बदलले की त्याचे वर्तन आपोआप बदलते, या गृहीतकावर स्वच्छतेच्या बहुतेक मोहिमा उभ्या असतात. सामाजिक मानसशास्त्राने हे गृहीतक १९३४ पासूनच संशयास्पद ठरविले आहे. गाडगेबाबांनी कीर्तनातून केलेल्या लोकशिक्षणात हा क्रम उलटा होता. त्यांच्या कार्यात आधी कृती, मग संवाद आणि शेवटी उपदेश येतो. प्रस्तुत लेखात या क्रमाची समीक्षा केली असून अंबरनाथ पूर्वेतील वालधुनी नदीच्या संदर्भात त्याची उपयुक्तता व मर्यादा तपासल्या आहेत.

बीजशब्द : अभिवृत्ती, मतपरिवर्तन, वर्तन, सामाजिक प्रमाणक, बोधनिक विसंवाद, कीर्तन, वालधुनी.

१. प्रस्तावना

अंबरनाथ पूर्वेतील शिवमंदिर हे महाराष्ट्रातील भूमिज शैलीच्या मंदिरांपैकी अत्यंत जुने मंदिर होय. मंदिरातील शिलालेखात शके ९८२ म्हणजेच इ. स. १०६० चा उल्लेख असून तो शिलाहार राजा मुम्मुणी याच्या काळातील आहे. मंदिराला लागून वालधुनी नदी वाहते. महाशिवरात्रीच्या यात्रेला येथे प्रचंड गर्दी लोटते. नदी पवित्र आहे, देवाचे स्थान स्वच्छ असावे, याविषयी या गर्दीत मतभेद असण्याचे कारण नाही. तरीही नदीचे पात्र नाल्यासारखे झाले आहे. घरचे निर्माल्य प्लास्टिकच्या पिशवीत बांधून पिशवीसकट पाण्यात सोडणारा माणूस नदीचा शत्रू नसतो. बहुधा तो श्रद्धाळूच असतो.

येथे सामाजिक मानसशास्त्राचा एक मूलभूत प्रश्न उभा राहतो. अभिवृत्ती अनुकूल असताना वर्तन प्रतिकूल का होते? आणि ते बदलायचे झाल्यास प्रयत्न कोठून सुरू करावा? या प्रश्नाचे एक प्रात्यक्षिक उत्तर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत दिले गेले. ते उत्तर म्हणजे गाडगेबाबांचे कार्य होय. बाबांची गणना संतमालिकेत केली जाते, त्यामुळे त्यांच्या पद्धतीचा विचार भक्तिभावाने पुष्कळ झाला. तुलनेने मतपरिवर्तनाची एक पद्धती म्हणून तिची चिकित्सा कमी झाली. ती उणीव अंशतः भरून काढणे हा या लेखाचा हेतू आहे.

२. सैद्धांतिक पार्श्वभूमी

अभिवृत्ती म्हणजे एखाद्या व्यक्तीविषयी, वस्तूविषयी किंवा कल्पनेविषयी माणसाच्या मनात असलेला अनुकूल वा प्रतिकूल कल. तिचे बोधात्मक, भावनिक आणि वर्तनात्मक असे तीन घटक पाठ्यपुस्तकांत सांगितले जातात. हे तीन घटक एकमेकांशी सुसंगत असतील अशी सर्वसाधारण समजूत असते. या समजुतीला पहिला मोठा धक्का रिचर्ड लापिएर यांनी दिला. १९३० नंतरच्या दोन वर्षांत त्यांनी एका चिनी दांपत्यासह अमेरिकेत प्रवास केला. त्या काळी तेथे चिनी लोकांविषयी तीव्र पूर्वग्रह होता. तरीही अडीचशेहून अधिक हॉटेले व भोजनगृहे यांपैकी केवळ एका ठिकाणी त्यांना नकार मिळाला. पुढे त्याच ठिकाणांना पत्राने विचारले असता, उत्तर देणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक जणांनी चिनी ग्राहकांना प्रवेश देणार नसल्याचे कळविले. १९३४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाच्या पद्धतीवर पुढे आक्षेप घेण्यात आले. पत्राला उत्तर देणारी व्यक्ती आणि प्रत्यक्ष स्वागत करणारी व्यक्ती एकच होती असे सांगता येत नाही, हा त्यांतील प्रमुख आक्षेप होय. तथापि बोलणे आणि करणे यांच्यात दरी असते, हा मुद्दा टिकून राहिला.

दुसऱ्या महायुद्धानंतर येल विद्यापीठात कार्ल हॉव्हलँड व त्यांच्या सहकाऱ्यांनी मतपरिवर्तनाचा पद्धतशीर अभ्यास केला. संदेश कोण देतो, संदेशात काय आहे आणि तो कोण ऐकतो, या तीन अंगांनी त्यांनी विचार मांडला. १९५७ मध्ये लिऑन फेस्टिंगर यांनी बोधनिक विसंवादाचा सिद्धांत मांडून विचाराची दिशाच बदलली. आपल्या हातून घडलेली कृती आणि आपले मत यांत विसंगती आली की मनाला अस्वस्थता येते. झालेली कृती पुसता येत नाही, म्हणून माणूस मत बदलतो. १९५९ च्या फेस्टिंगर-कार्लस्मिथ प्रयोगात कंटाळवाणे काम मनोरंजक असल्याचे दुसऱ्याला सांगण्यासाठी काहींना एक डॉलर, तर काहींना वीस डॉलर देण्यात आले. ते काम खरोखरच बरे होते, असे एक डॉलर घेणाऱ्यांना अधिक वाटू लागले. मोठा मोबदला मिळालेल्यांना खोटे बोलण्याचे कारण हाताशी होते, त्यांना मत बदलण्याची गरज भासली नाही.

या विवेचनाचे तात्पर्य असे की मताकडून वर्तनाकडे जाणारी वाट जशी आहे, तशीच वर्तनाकडून मताकडे येणारी वाटही आहे, आणि ही दुसरी वाट पुष्कळदा अधिक जवळची असते.

३. कीर्तनाचा उलटा क्रम

गाडगेबाबा म्हणजे डेबूजी झिंगराजी जानोरकर. त्यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट समाजात झाला. १९०५ मध्ये त्यांनी घर सोडले आणि २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ त्यांचे निधन झाले. अर्धशतकाच्या या भ्रमंतीत त्यांचा दिनक्रम जवळपास ठरलेला होता. गावात शिरताच ते हातातील खराट्याने रस्ता झाडू लागत. फाटक्या चिंध्यांचा वेष, एका हातात खराटा आणि दुसऱ्या हातात मातीचे गाडगे, असा हा माणूस गावकऱ्यांना प्रथम वेडाच वाटे. हळूहळू कोणी संकोचाने, कोणी कुतूहलाने झाडू हाती घेई. कीर्तन रात्री होई, आणि तोवर गाव झाडून झालेले असे.

या क्रमाकडे चरित्रकारांनी विनम्रतेचे किंवा सेवावृत्तीचे लक्षण म्हणून पाहिले. सामाजिक मानसशास्त्राच्या दृष्टीने मात्र त्यात अधिक काही आहे. रात्री कीर्तनाला बसलेला श्रोता सकाळच्या श्रोत्यापेक्षा वेगळा असतो. त्याने काही मोबदला न घेता, कोणाच्याही धाकाशिवाय, चारचौघांदेखत आपल्या गल्लीतील घाण उचललेली असते. 'आपण हे का केले?' या प्रश्नाचे उत्तर त्याला स्वतःच शोधावे लागते, आणि उपलब्ध उत्तर एकच असते : स्वच्छता ही आपल्यालाच हवी आहे. कीर्तनातील उपदेश अशा श्रोत्याला नवे मत देत नाही. त्याने दिवसभर केलेल्या कृतीला तो शब्द देतो.

दुसरी बाब खराट्याची. भारतीय समाजात झाडू हे केवळ साधन नसून जातिव्यवस्थेने काही जातींच्या माथी मारलेले ते एक चिन्ह आहे. सवर्ण घरातील कर्त्या पुरुषाने गावाच्या रस्त्यावर झाडू मारणे ही त्या काळी प्रतिष्ठेला बाध आणणारी गोष्ट होती. त्यामुळे झाडू हाती घेण्याची कृती स्वच्छतेविषयीच्या मताबरोबरच श्रमाविषयीच्या आणि जातीविषयीच्या मतालाही हात घाले. बाबांच्या कीर्तनात अस्पृश्यतेचा निषेध शब्दांनी येई, परंतु त्याचे पहिले प्रात्यक्षिक दिवसा रस्त्यावर झालेले असे.

४. प्रश्नोत्तरांचे सामर्थ्य

बाबांच्या कीर्तनाचे एक ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. ८ नोव्हेंबर १९५६ रोजी, म्हणजे निधनाच्या सुमारे सहा आठवडे आधी, मुंबईत वांद्रे येथील पोलीस ठाण्यात झालेले ते कीर्तन होय. या ध्वनिमुद्रणामुळे चरित्रग्रंथांतील वर्णनांचा पडताळा घेता येतो. नारदीय कीर्तनातील पूर्वरंग-उत्तररंगाची बांधणी बाबांनी स्वीकारली नाही. वऱ्हाडी बोलीत ते श्रोत्यांना एकामागून एक साधे प्रश्न विचारीत आणि श्रोते एका सुरात उत्तर देत. मधूनमधून गोपाळनामाचा गजर होई. कर्ज, दारू, पशुबळी, लग्नातील उधळपट्टी, मुलांचे शिक्षण या विषयांवरील निष्कर्ष बाबा क्वचितच स्वतः काढीत. तो श्रोत्यांच्या तोंडून वदवून घेत.

याच्याशी ताडून पाहावा असा एक प्रयोग कर्ट लेविन यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात केला. मांसटंचाईमुळे प्राण्यांचे हृदय, मूत्रपिंड यांसारखे अवयव अमेरिकन गृहिणींनी स्वयंपाकात वापरावेत अशी शासनाची इच्छा होती. काही गटांना उत्तम व्याख्यान देण्यात आले, तर काही गटांत चर्चा करून शेवटी हात वर करून निर्णय घेण्यात आला. व्याख्यान ऐकलेल्यांपैकी सुमारे ३ टक्के, तर चर्चागटांतील सुमारे ३२ टक्के स्त्रियांनी पुढे तो पदार्थ घरी केला. माहिती दोन्हीकडे जवळपास सारखीच होती. फरक होता तो स्वतः निष्कर्षापर्यंत येण्याचा आणि शेजारणीही त्याच निष्कर्षाला आल्याचे डोळ्यांनी पाहण्याचा.

कीर्तनातील सामुदायिक उत्तर हेच दुहेरी कार्य करते. श्रोता स्वतःच्या तोंडाने निष्कर्ष उच्चारतो आणि त्याच क्षणी सारा गाव तोच निष्कर्ष उच्चारताना ऐकतो. बळी देणे ही एकट्याची बाब नसते. शेजारी देतो म्हणून तोही देतो. अशा वर्तनाचा आधार वैयक्तिक श्रद्धेपेक्षा 'लोक काय म्हणतील' हा असतो. बाबांनी याच आधाराला हात घातला. लोक काय म्हणतात, ते त्यांनी लोकांनाच मोठ्याने म्हणायला लावले.

५. वक्त्याची विश्वासार्हता

हॉव्हलँड यांच्या मांडणीत वक्त्याची विश्वासार्हता दोन गोष्टींवर अवलंबून असते : त्याचे ज्ञान आणि त्याचा निःस्वार्थीपणा. बाबांना शालेय शिक्षण नव्हते आणि ते स्वतः हे लपवीत नसत. त्यांची सारी विश्वासार्हता दुसऱ्या घटकावर उभी होती. ते पायांवर डोके ठेवू देत नसत, शिष्य करीत नसत, कीर्तन संपले की गावाचा मुक्काम हलवीत. लोकांनी दिलेल्या पैशांतून पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. परंतु त्यांच्या व्यवहारात त्यांनी आपल्या नातेवाइकांना थारा दिला नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सुपूर्द केली. मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे मटण व दारू न देता त्यांनी गोडाचे जेवण दिले, ही घटना चरित्रकार आवर्जून सांगतात. तिचे महत्त्व असे की उपदेशाची पहिली किंमत वक्त्याने स्वतःच्या जातभाईंच्या रोषाच्या रूपाने आधीच चुकती केली होती.

येथेच एक धोकाही संभवतो. वक्ता इतका मोठा होतो की श्रोता त्याला देवत्व देऊन मोकळा होतो. 'ते संत होते, त्यांना जमले' असे म्हटले की स्वतःच्या वर्तनाचा प्रश्न मिटतो. मूर्तिपूजेवर आघात करणाऱ्या बाबांचे पुतळे आणि मंदिरे उभी राहिली, हा त्याचा ढळढळीत पुरावा होय. विश्वासार्हतेचा अतिरेक हा मतपरिवर्तनाला मारक ठरू शकतो, हे या उदाहरणावरून ध्यानात यावे.

६. नावाचा स्वीकार, क्रमाचा त्याग

महाराष्ट्र शासनाने २०००-०१ मध्ये, आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री असताना, संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. या अभियानात गावांची स्पर्धा आणि रोख बक्षिसे यांची योजना होती. अभियानाने अनेक गावांत श्रमदानाला चालना दिली, हे मान्य करावे लागेल. गाव हे एकक मानल्यामुळे सामूहिक प्रमाणक बदलण्यास वाव मिळाला, ही त्याची जमेची बाजू होय. परंतु बक्षीस हा मोठा बाह्य मोबदला असतो. फेस्टिंगर यांच्या सिद्धांतानुसार, कृतीचे समर्थन बक्षिसाने होत असेल तर मत बदलण्याची निकड उरत नाही. केंद्र शासनाच्या निर्मल ग्राम पुरस्कारानंतर काही गावांत शौचालयांचा वापर पुन्हा घटल्याचे पाहण्यांत आढळून आले, ते या दृष्टीने अनपेक्षित नाही.

शहरी मोहिमांत तर बाबांचा क्रम पूर्णपणे उलटला जातो. भिंतीवर प्रथम घोषवाक्य येते, त्यानंतर भाषण होते आणि शेवटी छायाचित्रापुरता झाडू हाती घेतला जातो. पाच मिनिटांनी तो झाडू ज्याच्या हाती परत जातो, त्या कंत्राटी सफाई कामगाराच्या सामाजिक स्थानात काही फरक पडत नाही. बाबांच्या हातातील खराट्याने जे मत हलविले होते, ते अशा कार्यक्रमात उलट दृढच होण्याचा संभव असतो. पाहुण्यांनी झाडणे हा समारंभ आणि कामगाराने झाडणे हा त्याचा धर्म, असाच बोध त्यातून पाहणाऱ्याला होतो.

७. वालधुनीकाठचा पडताळा

वरील विवेचन अंबरनाथ पूर्वेला लावून पाहता तीन गोष्टी स्पष्ट होतात.

पहिली गोष्ट प्रत्यक्ष दिसणाऱ्या प्रमाणकाची. रॉबर्ट चाल्डिनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात वाहनतळावरील गाड्यांच्या काचांवर पत्रके लावण्यात आली होती. वाहनतळ आधीच कचऱ्याने भरलेला असताना ३२ टक्के लोकांनी पत्रक खाली टाकले. तो स्वच्छ असताना हे प्रमाण १४ टक्के होते. कोणी समोरच कचरा टाकताना दिसला, तर अस्वच्छ जागी हे प्रमाण ५४ टक्क्यांवर गेले, पण स्वच्छ जागी ते ६ टक्क्यांपर्यंत खाली आले. 'येथे कचरा टाकू नये' हा फलक कचऱ्याच्या ढिगाशेजारी उभा असतो, तेव्हा वाचणाऱ्यापर्यंत दोन संदेश पोहोचतात. फलक सांगतो की टाकू नये, आणि ढीग सांगतो की सगळे टाकतात. यांपैकी ढिगाचा आवाज मोठा असतो. म्हणून नदीकाठी फलक लावण्याआधी काठ स्वच्छ होणे आवश्यक आहे. बाबांच्या 'आधी खराटा' या क्रमाला या प्रयोगाने जणू संख्यांचा आधार दिला आहे.

दुसरी गोष्ट शक्यतेची. आयसेक आइझेन यांच्या १९९१ च्या मांडणीत वर्तनाचा हेतू तीन गोष्टींवर अवलंबून असतो : व्यक्तीची अभिवृत्ती, तिला जाणवणारे सामाजिक दडपण आणि ते वर्तन आपल्याला जमण्याजोगे आहे ही जाणीव. निर्माल्यकलश जवळ नसेल, घंटागाडीची वेळ नोकरदारांच्या लोकलच्या वेळेशी जुळत नसेल, ओला व सुका कचरा घरात वेगळा करून पुढे गाडीत एकत्रच पडत असेल, तर अनुकूल अभिवृत्ती असूनही वर्तन घडत नाही. राज्यात २०१८ मध्ये प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली. पण फुलांच्या दुकानात पानाचा द्रोण सहज मिळत नसेल तर भाविक पिशवीच घेणार. बाबांनी केवळ कीर्तने केली नाहीत, घाट आणि धर्मशाळाही बांधल्या, याचा अर्थ या ठिकाणी उलगडतो. तीर्थक्षेत्री स्वच्छ राहा असे सांगण्याबरोबर तसे राहता येईल अशी जागाही त्यांनी करून दिली.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची असून ती या साऱ्या विचाराची मर्यादा दाखविते. वालधुनीचे पाणी केवळ निर्माल्याने बिघडलेले नाही. अंबरनाथ, उल्हासनगर परिसरातील कारखान्यांचे सांडपाणी आणि प्रक्रिया न केलेले घरगुती मैलापाणी यांचा भार या नदीवर आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये उल्हासनगरातील वडोल गाव परिसरात टँकरमधील घातक रसायन वालधुनीत सोडले गेल्याने विषारी वायू पसरला आणि शेकडो रहिवाशांना रुग्णालयात न्यावे लागले. ज्याने तो टँकर रिकामा केला, त्याची अभिवृत्ती कीर्तनाने बदलावी अशी अपेक्षा करणे भाबडेपणाचे ठरेल. तेथे नफ्याचा हिशेब आणि पकडले न जाण्याची खात्री काम करीत असते. अशा वर्तनाला कायदा, तपासणी आणि शिक्षा हेच उत्तर होय. उल्हास व वालधुनी नद्यांच्या प्रदूषणाबद्दल राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ मध्ये संबंधित संस्थांवर दंड आकारला, तो याच मार्गाचा भाग होता.

या दोन प्रकारच्या वर्तनांत गल्लत केल्यास सामाजिक मानसशास्त्राचा गैरवापर होतो. सारा दोष नागरिकांच्या मानसिकतेवर टाकला की यंत्रणेची जबाबदारी दृष्टिआड होते. शिवाय रसायनाचा फेस अंगावर घेऊन वाहणारी नदी पाहणाऱ्या सामान्य माणसाला आपली एक पिशवी क्षुल्लक वाटू लागते. मोठ्यांचे प्रदूषण लहानांच्या बेफिकिरीला समर्थन पुरविते. म्हणून कायद्याची अंमलबजावणी हीदेखील मतपरिवर्तनाची पूर्वअट ठरते.

८. पद्धतीच्या मर्यादा

बाबांच्या पद्धतीचे मूल्यमापन करताना काही मर्यादा नोंदविणे आवश्यक आहे. प्रबोधनकार ठाकरे, गो. नी. दांडेकर यांच्यासारख्या समर्थ लेखकांनी बाबांविषयी लिहिले असले तरी ते लेखन मुख्यतः आदरभावातून झाले आहे. कीर्तनानंतर किती गावांत बळी थांबले, किती काळ थांबले, याचे मोजमाप त्या काळी झाले नाही. एका रात्रीच्या कीर्तनातून निर्माण झालेले सामूहिक प्रमाणक पुढे टिकवून धरणारी स्थानिक यंत्रणा सर्वत्र नव्हती. तसेच खेड्यात गाव हा परस्परांना ओळखणारा समूह असतो, तर अंबरनाथ पूर्वेसारख्या वेगाने वाढलेल्या उपनगरात सोसायटीतील शेजाऱ्याचे नावही ठाऊक नसते. अनोळखी लोकांत 'लोक काय म्हणतील' याची धार बोथट होते. त्यामुळे बाबांची पद्धत जशीच्या तशी येथे उचलता येणार नाही. तिचे एकक बदलावे लागेल. ते एकक गावाऐवजी चाळ, सोसायटी, गणेशोत्सव मंडळ, महिला बचत गट किंवा महाविद्यालयातील राष्ट्रीय सेवा योजनेचे पथक असू शकेल.

९. निष्कर्ष

१) अनुकूल अभिवृत्ती ही इष्ट वर्तनाची हमी नव्हे. वालधुनीकाठी नदीविषयीचा आदर आणि नदीची अवस्था या दोन्ही गोष्टी एकाच वेळी अस्तित्वात आहेत.

२) गाडगेबाबांच्या कार्यातील कृती, संवाद व उपदेश हा क्रम केवळ व्यक्तिगत शैलीचा भाग नाही. पुढे प्रयोगांनी पुष्टी दिलेली मतपरिवर्तनाची ती एक परिणामकारक पद्धत होती.

३) त्यांच्या नावाने चाललेल्या मोहिमांनी नाव घेतले, परंतु क्रम सोडला. बक्षीस, घोषवाक्य आणि समारंभ यांनी वर्तन काही काळ बदलते, मत क्वचितच बदलते.

४) झाडूशी जोडलेली जातीय अप्रतिष्ठा जोवर कायम आहे, तोवर स्वच्छतेची कोणतीही मोहीम अर्धीच राहील.

५) मतपरिवर्तनाचे क्षेत्र मर्यादित आहे. औद्योगिक प्रदूषणासारख्या वर्तनाला प्रबोधनाच्या कक्षेत आणणे म्हणजे दोषींना सूट देणे होय.

बाबांनी गावाला स्वच्छतेचे महत्त्व पटवून दिले आणि मग गाव झाडू लागला, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. घडले ते उलट होते. गाव आधी झाडू लागला, म्हणूनच ते महत्त्व त्याला पटले. स्वच्छतेच्या मोहिमा आखणाऱ्यांनी हा क्रम समजून घेतला, तर गाडगेबाबांचे नाव घेण्याला काही अर्थ उरेल.